ढापे कोणी ढापले?

“ओम्या, घमेलं सरळ धर ना! निम्मी माती माझ्या ड्रेसवर सांडली!” मनवा ओरडली.

“मग तूच घे डोक्यावर! वर्गात पहिली येणं सोपं असतं, घमेलं तोलणं अवघड!” ओम म्हणाला.

“भांडा तुम्ही. तोवर शेजारच्या गल्लीतल्या पोरांचा किल्ला बुरुजापर्यंत पोचेल,” पुढे चाललेली रेश्मा मागे वळून म्हणाली, तशी दोघंही मुकाट्याने चालू लागली.

दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. सावरखडीच्या गल्लीगल्लीत किल्ल्यांची कामं निघाली होती आणि किल्ल्याला लागणारी चांगली चिकणमाती मिळायची ती गोरडी नदीच्या काठालाच. नदी म्हणायची तिला, पण तिचा सगळा थाट पावसाळ्यापुरता! दिवाळी उलटली की पाणी आटत जायचं आणि मग उरायचे नुसते दगडगोटे. रेश्मा आणि ओम आठवीत होते. मनवा त्यांच्याच वर्गातली, शाळेच्या जोशी गुरुजींची मुलगी. तिघांची जोडी बालवाडीपासूनची. गुरुजी म्हणायचे, “जोडी दोघांची असते रे!” त्यावर ओमचं उत्तर ठरलेलं, “गुरुजी, मनवा दोघींएवढं बोलते, म्हणून मोजताना घोळ होतो!”

इतक्यात बंधाऱ्याकडून मोठमोठ्याने आवाज येऊ लागले. त्यातला एक आवाज ऐकून रेश्मा जागीच थांबली.

“आजोबा! आजोबा चिडलेत कुणावर तरी!”

घमेलं तिथेच टाकून तिघं पळाली.

बंधाऱ्यावर बरीच माणसं जमली होती. नदीत ओळीने दगडी खांब उभे होते आणि खांबांमधल्या मोकळ्या गाळ्यांतून पाणी खळाळत निघून चाललं होतं. पावसाळ्यात हे गाळे मोकळेच ठेवायचे, म्हणजे पूर सरळ वाहून जातो. पाऊस सरला, की प्रत्येक गाळ्यात जाडजूड लोखंडी ढापे एकावर एक बसवायचे. मग पाणी अडतं, बंधारा तुडुंब भरतो. त्याच्याच काठाला गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. बंधारा भरला, की विहीर उन्हाळाभर साथ द्यायची. नाही भरला, तर टँकर! टँकर रेश्माला नकोच वाटायचा. मागच्या एका उन्हाळ्यात टँकरभोवतीच्या रेटारेटीत आई पडली होती आणि तिचा हात महिनाभर गळ्यात बांधलेला होता.

आज ढापे बसवायला माणसं आली होती. पण पंपघरामागे, जिथे पावसाळाभर ढाप्यांची थप्पी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असायची, तिथे जेमतेम गुडघ्याएवढी थप्पी उरली होती.

“एवढ्यात निम्मे गाळेबी भरायचे न्हाईत!” आप्पासाहेब गरजले. रेश्माचे आजोबा म्हणजे गावाच्या पाणी समितीचे अध्यक्ष. पांढरीशुभ्र टोपी, भरघोस मिशा आणि आवाज असा, की पलीकडच्या मळ्यातला बैलसुद्धा कान टवकारील. “मच्छिंद्र, ढापे तुझ्या ताब्यात हुते. कुठं गेले?”

मच्छिंद्र ओमचे वडील. पंप चालवायचा, व्हॉल्व्ह फिरवायचे, पाणी सोडायचं आणि बंधाऱ्यावर लक्ष ठेवायचं, ही त्यांची ग्रामपंचायतीतली नोकरी. ते मान खाली घालून उभे होते.

“आप्पासाहेब, पावसाळ्यात आईला नगरच्या दवाखान्यात ठेवलं हुतं. मी तिकडंच हुतो. आल्यावर ताडपत्री व्यवस्थित दिसली. खाली बगितलं न्हाई, ही माझी चूक. पन मी ढाप्याला हात लावला न्हाई. आईची शप्पत!”

“मग काय ढाप्यांना पाय फुटले?” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. “भंगारवाल्याचा टेम्पो लई फिरतोय हल्ली!”

“म्हणजे ढापे कोणी ढापले, हाच प्रश्न आहे!” मनवाच्या तोंडून निघून गेलं. दोघंतिघं फसकन हसले. आप्पासाहेबांनी नुसतं वळून पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

“परवा वसुबारस,” ते म्हणाले. “वसुबारसेच्या सकाळपातुर ढापे जाग्यावर दिसले न्हाईत, तर मी सोता पोलीस ठाण्यात जानार. मग मला म्हनू नका!”

थप्पीवरचा एक ढापा चौघांनी उचलून पाहिला आणि परत टाकला. धडाड् धम्म! आवाज नदीच्या दोन्ही काठांवर घुमला. ओमने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते तसेच पंपघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

घमेल्यातली माती उन्हात वाळत राहिली. तिघं चिंचेखाली बसली होती.

“पप्पांनी नाही केलं,” ओम म्हणाला.

“आम्हाला माहीत आहे रे!” रेश्मा म्हणाली.

“तुला माहीत असून काय उपयोग? तुझे आजोबाच पोलिसांत चाललेत!”

 रेश्माने एकदम उठून हात झटकले. “मग आपणच शोधायचे ढापे. वसुबारसेच्या आत. आधी भंगारवाला!”

“आणि जाऊन काय विचारायचं? काका, चोरीचा माल दाखवता का?” मनवा म्हणाली.

“काही विचारायचं नाही. विकायला जायचं. ओम, तुझ्या सायकलची मोडकी रिंग आहे ना?”

भंगारवाल्याचं आवार गावाबाहेर, डांबरी रस्त्याला लागून होतं. पत्रे, डबे, कुलरच्या जाळ्या, मोडक्या खुर्च्या यांचा डोंगर पसरला होता. ओम रिंगेचा भाव करत बसला. तेवढ्यात रेश्मा आणि मनवा डोंगराला वळसा घालून आल्या. एका पत्र्यामागे डोकावताना मनवाचा पाय डब्यात अडकला आणि ती खडखडाट करत थेट भंगारवाल्याच्या पुढ्यात येऊन पडली.

“काय शोधायलाय, पोरींनो?” तो कमरेवर हात ठेवून म्हणाला.

मनवा पडल्यापडल्याच म्हणाली, “किल्ल्यासाठी तोफ!”

भंगारवाला हसला. पण बिचारा काही खुळा नव्हता. “ढापे शोधताय ना? सकाळपासून आख्खं गाव माझ्या नावानं ओरडतंय. हे बघा, सरकारी मालाला मी हात लावत न्हाई. आन् डोकं चालवा जरा! एक ढापा उचलायला चार गडी लागतात. पोत्यात घालून पळवायची वस्तू हाय का ती? दिवसाढवळ्या, चार मानसांनी, हासतखेळत नेलेत ते. मला ठावं न्हाई कुनी, पन नेलेत असेच!”

परतताना ओम हिरमुसला होता. “म्हणजे आपण होतो तिथेच.”

“मुळीच नाही,” मनवा गुडघा चोळत म्हणाली. “एवढ्या जड वस्तू लांब जाणार नाहीत. ढापे गावातच आहेत!”

“गावातच? आणि दिसत नाहीत कुणाला?”



संध्याकाळी रेश्मा ओसरीवर जेवायला बसली होती. आईने गरम भाकरी वाढली, लसणाची चटणी वाढली. तेवढ्यात बाबा शेतातून ट्रॅक्टर घेऊन आले आणि कांदाचाळीकडे वळले.

धडाड् धम्म!

रेश्माच्या हातातला घास हातातच राहिला. हाच तो आवाज! तोच, सकाळचा!

ती उठली आणि अनवाणीच पळाली. कांदाचाळीच्या तोंडाशी पावसाच्या पाण्यासाठी खणलेला चर होता आणि त्यावर ट्रॅक्टर जायला टाकलेलं होतं एक जाड लोखंडी पान. पावसाळ्यापासून ती रोज त्यावरून ये-जा करत होती. वासरू पकडताना त्यावरून धावली होती. एकदा घसरून पडलीही होती. वाकून तिने चिखल खरवडला. एका टोकाला आकडा अडकवायची कडी. दुसऱ्या टोकाला दुसरी कडी. कडेला काळं, जाड रबर, पाणी झिरपू नये म्हणून बसवलेलं.

“बाबा, हे इथं कुणी टाकलं?”

“ते व्हय? जूनमध्ये ट्रॅक्टर रुतत हुता, तवा आजोबांनी गड्यांना सांगून आनवलं. का गं?”

“काही नाही,” रेश्मा म्हणाली.

त्या रात्री तिला लवकर झोप लागली नाही. कोणालाच सांगितलं नाही तर? आजोबांचं नाव राहील. घरात दिवाळी नीट होईल. पण पंपघराचं दार लोटून घेणारे मच्छिंद्रकाका काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती ओमच्या घरी गेली, मनवालाही बोलावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

ओमचा चेहरा लाल झाला. “म्हणजे तुझ्या आजोबांनीच नेला! आणि चारचौघांत पप्पांना चोर म्हणाले!”

“हो.”

“मी आत्ता जातो आणि चौकात ओरडून सांगतो!”

“सांग,” रेश्मा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती बाजूला झाली नाही. “तुला सांगायलाच तर मी आले.”

ओम दारापर्यंत गेला, थांबला आणि उंबऱ्यावर बसला.

“पण एका ढाप्याने थप्पी एवढी कमी होत नाही,” मनवा म्हणाली. “आप्पासाहेबांनी एक नेला. बाकीचे?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग सुरू झाला शोध! निमित्त किल्ल्याचं. “किल्ल्यासाठी दगड बघतोय काकू!” असं म्हणत तिघं गल्लीबोळांतून हिंडली. ओमच्या हातात गोटा. जिथे जाड लोखंड दिसेल तिथे ठोकायचं आणि कान द्यायचा. पत्रा खणखणतो, ढापा धम्म करतो. एकदा कान तयार झाला, मग काय! चौकातल्या आसारामच्या चहाच्या हॉटेलासमोर गटारीवर ढापा, त्यावर बाकडं, बाकड्यावर बसून ढाप्यांच्या चोरीवर चर्चा करणारी माणसं! देवळामागे भंडाऱ्याच्या चुलीवर मोठ्या कढया ठेवायला ढापा. दूध डेअरीत कॅन वर चढवायला उतार म्हणून ढापा. कुणाच्या गोठ्यात म्हशीखाली, कुणाच्या मोरीवर धुणं धुवायला.

“हे बघ, इथेसुद्धा!” ओम म्हणाला आणि मग एकदम दात दाखवून हसला. सकाळपासूनचं त्याचं ते पहिलं हसू होतं.

ते शाळेचं आवार होतं. पाण्याची नवी टाकी ज्या बैठकीवर ठेवली होती, ती बैठक म्हणजे विटांचे दोन कट्टे आणि त्यावर शेजारी शेजारी ठेवलेले ढापे!

“बाबांनी?” मनवाचा आवाज एवढा बारीक झाला, की ऐकू येईना.

“गुरुजी तर दुप्पट निघाले!” ओम म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने लगेच जीभ चावली. “असू दे गं. मुलांच्या पाण्यासाठीच आणलेत.”

“सगळ्यांनी कशासाठी तरीच आणलेत,” रेश्मा म्हणाली. “आणि प्रत्येकाला वाटलं, एकाने काय होतंय!”

“चला, मग सरळ सांगू या. द्या म्हणावं परत!”

तिघं आधी भागूबाईकडे गेली, कारण ती सगळ्यांत जवळ होती. तिच्या मोरीवरचा ढापा ऐन अंगणातच होता.

“कसला ढापा?” भागूबाई लुगड्याचा पदर खोचत म्हणाली. “ह्यो आमचा पयल्यापासून हाय! माझ्या सासऱ्याच्या येळचा! जावा, घरला जावा!”

दुपारी ओम पुन्हा त्या बाजूने गेला आणि धावतपळत रेश्माच्या अंगणात परत आला. “ढापा गायब! त्यावर गोवऱ्यांचा हा एवढा ढीग रचलाय! वरून पोतंसुद्धा!”

रेश्मा पायरीवर बसली. आता तिला पुढचं सगळं दिसू लागलं. उद्या पोलीस येणार म्हटल्यावर प्रत्येकजण असंच करील. कुणी गोवऱ्या रचील, कुणी माती लोटील, कुणी चक्क पडक्या विहिरीत ढकलून देईल. ढापे कायमचे जातील, पाणी वाहून जाईल आणि चोर म्हणून राहील एकच माणूस.

“म्हणजे असं काहीतरी पाहिजे, की ढापे सगळ्या गावाला दिसतील,” ती म्हणाली. “पण कुणाला चोर म्हणायचं नाही. चोर म्हटलं की लपवणार.”

“दिसतील, पण चोर म्हणायचं नाही... बोर्ड लावायचे?” ओमने विचारलं.

“फाडून टाकतील.”

रेश्माच्या आईने अंगणात रांगोळीच्या पुड्या उघडून मांडल्या होत्या. निळा रंग उन्हात चमकत होता. रेश्मा त्याच्याकडे बघत राहिली, बघत राहिली आणि ताडकन उठली.

“सणाच्या दिवशी दारातली रांगोळी पुसायला कुणी धजेल का?”

मनवाला कळायला क्षणभर लागला. मग तिने अशी किंकाळी फोडली, की कोंबड्या उडाल्या!

वसुबारसेच्या दिवशी अजून तांबडं फुटायचं होतं. हवेत छान गारवा होता. तिघांच्या पिशव्यांत रांगोळी, निळा रंग, पणत्या, तेलाची बाटली आणि काड्यापेटी.

“पहिला आमच्याकडे,” रेश्मा म्हणाली.

“आधी बाकीचे करू ना,” मनवा म्हणाली. “तुझे आजोबा लवकर उठतात.”

“म्हणूनच पहिला.”

चिखल धुऊन तिने कांदाचाळीसमोरचा ढापा लख्ख केला. त्यावर निळ्या लाटा काढल्या. मधोमध मनवाने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘दिवाळीला सगळे आपापल्या घरी जातात. मलाही जायचंय. – बंधाऱ्याचा ढापा.’ ओमने पणती लावली.

मग तिघं सुसाट सुटली. डेअरी, देऊळ, गोठा, हॉटेल! आसाराम आत भांडी घासत होता आणि बाहेर त्याच्याच बाकड्याखाली मनवा पोटावर झोपून अक्षरं काढत होती. गोठ्यातल्या म्हशीने अर्धी लाट चाटून टाकली. शाळेत मनवाने सगळ्यांत सुंदर रांगोळी काढली आणि तिच्या बाबांच्या ढाप्यांना एकाऐवजी दोन पणत्या ठेवल्या. भागूबाईच्या अंगणात मात्र पंचाईत झाली.

“गोवऱ्यांवर पणती नको, पेट घेईल!” ओम कुजबुजला.

“मग बाजूला काढते.” मनवाने ढिगाशेजारी रांगोळी काढली, तेच वाक्य लिहिलं आणि खाली एक मोठा बाण काढला. बाणाजवळ लिहिलं, ‘मी इथे आत आहे. गुदमरतोय!’

ओमला हसू आवरेना. तोंडावर हात दाबून तो पळत सुटला.

रेश्मा घरी आली, तेव्हा उजाडलं होतं आणि आजोबा कांदाचाळीसमोर उभे होते. धोतराचा सोगा हातात, टोपी डोक्यावर. ते रांगोळी वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा वाचली.

“हे तू लिवलंस?”

“मनवाने लिहिलं. कल्पना माझी होती.” “आजोबा, हा बंधाऱ्यावरचाच आहे. जूनमध्ये तुम्ही आणवलात.”

आप्पासाहेबांचा चेहरा क्षणात पालटला. “म्हंजे? मी चोर हाय का? ज्या बंधाऱ्यासाठी मी नगरला खेटे घालून घालून चपला झिजवल्या, त्योच बंधारा मी लुटला? घरातली पोर मला सांगनार?”

आई दारात आली. बाबा गोठ्यातून बाहेर आले. रेश्माला वाटलं, आता रडू येणार. पण आलं नाही.

“तुम्ही चोर नाही, आजोबा,” ती म्हणाली. “तुमच्या ध्यानातसुद्धा राहिलं नाही, एवढंच. पण मग मच्छिंद्रकाकापण चोर नाहीत ना? त्यांना तुम्ही सगळ्यांसमोर बोललात.”

पणतीची वात वाऱ्याने आडवी झाली, तशी आप्पासाहेबांनी नकळत वाकून हाताचा आडोसा धरला. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग ताठ झाले, टोपी नीट केली आणि फाटकाबाहेर पडले.

“आजोबा, पोलीस ठाण्यात निघालात?” रेश्माने घाबरून विचारलं.

“मच्छिंद्रकडं,” ते न वळता म्हणाले. “चल तूबी.”

तोवर गावात गलका उडाला होता. सडा घालायला उठलेल्या बायका, दूध घालायला निघालेली माणसं जो तो थबकत होता. “अय्या, आमच्याकडंबी हाय!” “तुमच्याकडं काय लिवलंय?” “तेच की!” कुणी हसत होतं, कुणी ओशाळलं होतं. आसाराम आपलं बाकडं उचलून कधी रांगोळीकडे, तर कधी गिऱ्हाइकांकडे बघत उभा होता. हॉटेलात बसून दोन दिवस चोरावर तोंडसुख घेणाऱ्यांचे पाय त्याच ढाप्यावर टेकलेले होते! पण रांगोळी पुसायला कुणीही पुढे झालं नाही. भागूबाईच्या दारात तर पोरांची गर्दी लोटली होती आणि जो तो मोठ्याने वाचत होता, “गुदमरतोय!”

ओमच्या घरासमोर आप्पासाहेब थांबले. मच्छिंद्रकाका बाहेर आले. मागोमाग माणसंही जमा झाली. ओम वडिलांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“मच्छिंद्र,” आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांचा तो बैलाला दचकवणारा आवाज आज एकदम खाली आला होता, “बोलताना चार मानसांत बोललो, म्हनून आतापन चार मानसांतच सांगतो. पयला ढापा माझ्या दारात हाय. मीच आनवला आन् मीच इसारलो. तुझ्यावर आळ घेतला, ते चुकलं माझं. माफ कर, बाबा.”

त्यांनी हात जोडले, तसे मच्छिंद्रकाका पुढे झाले. “आवं, तुमी मोठी मानसं, असं हात जोडू नका...” एवढंच ते म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. ओमने त्यांचा दुसरा हात घट्ट धरला.

“दुसरा आणि तिसरा शाळेत आहेत,” गर्दीतून जोशी गुरुजी पुढे आले. त्यांनी चष्मा पुसायला काढला होता आणि त्याशिवाय त्यांना समोरचं धड दिसतही नव्हतं. “मला वाटलं, पडूनच आहेत. विचारायला हवं होतं. आणि मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो!”

“चौथा माझा!” आसाराम ओरडला.

“डेअरीतला आत्ताच काढतो!”

“आमचाबी घ्या,” भागूबाई मागून कुरकुरली. “माझा सासरा गेला, त्याला कशाला ढापा पायजे आता!”

सगळी गल्ली हसून लोटपोट झाली, आणि त्यात भागूबाईसुद्धा!

मग काय विचारता! रेश्माच्या बाबांनी ट्रॅक्टर काढला. गावातली तरणी पोरं पुढे झाली. रांगोळीचे रंग अंगाला लागलेले ढापे एकामागून एक ट्रॉलीत चढले. मुलं ट्रॉलीमागे “घरी चालले, घरी चालले!” असं ओरडत पळत होती. बंधाऱ्यावर मच्छिंद्रकाकांनी सूत्रं हातात घेतली. साखळीचे आकडे कड्यांत अडकवायचे, ढापा खांबांच्या खाचेत अलगद सोडायचा, रबर नीट बसलं का ते वाकून बघायचं. “हळू! डावीकडं! सोडा!” त्यांचा आवाज आज नदीवर खणखणत होता.

दोन ढापे मात्र सापडलेच नाहीत. ते पुरात गेले, की आणखी कुठे, देव जाणे. त्या जागी सागवानी फळ्या आणि मातीची पोती टाकून गाळा बुजवावा लागला. त्यातून थोडं पाणी झिरपत राहिलं. मच्छिंद्रकाका म्हणाले, “झिरपू द्या. खालच्या वाडीलाबी लागतंय की पानी!”

संध्याकाळी सवत्स धेनूची पूजा झाली आणि सगळं गाव आपणहून बंधाऱ्यावर गोळा झालं. पाणी थांबलं होतं. सकाळी पळत सुटलेली गोरडी आता खांबांना टेकून, पसरून, काठ चढत होती. विहिरीच्या भिंतीवरचा ओलावा वर सरकत होता.

“पुढच्या पावसाळ्यात थप्पीला साखळदंड आन् कुलूप,” आप्पासाहेब म्हणाले. “किल्ली मच्छिंद्रकडं. मी जरी मागितली, तरी द्यायची न्हाई!”

“बगा हं, आप्पासाहेब, खरंच देनार न्हाई,” मच्छिंद्रकाका म्हणाले आणि पुन्हा एकदा हशा पिकला.

“आन् ही पोरं,” आप्पासाहेबांनी तिघांना पुढे ओढलं. “आमी मोठी मानसं चोर शोधत बसलो. ह्यांनी ढापे शोधले. कुनाला खाली बघायला लावलं न्हाई, कुनाचा सन नासवला न्हाई. म्या लई सभा बगितल्या, पन एवढं शानपन कुठल्या सभेत दिसलं न्हाई!”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की काठावरचे बगळे उडाले. गुरुजींनी मनवाच्या पाठीवर हात ठेवला. “अक्षर सुंदर होतं हो! फक्त ‘गुदमरतोय’पुढे उद्गारचिन्ह एकच पुरे होतं.”

“बाबा, तिथे एकच होतं!”

“असं? मला सकाळी दोन दिसली. चष्मा नव्हता ना.”

हळूहळू माणसं घरी परतू लागली. ओम पाण्याजवळच्या दगडावर उकिडवा बसला होता. रेश्मा त्याच्याशेजारी जाऊन बसली.

“अजून राग आहे?” तिने विचारलं.

ओम म्हणाला, “काल होता. सकाळी तुझे आजोबा दारात आले, तेव्हा पप्पा घाबरले होते. मग ते हात जोडायला लागले, तर पप्पा आणखीनच घाबरले!” तो हसला. “राग बहुतेक तेव्हाच गेला.”

पाणी चढत चढत त्यांच्या दगडाशी आलं आणि ओमच्या चपलेला लागलं. त्याने पाय वर घेतला. रेश्मानेही घेतला. मग दोघं उठली आणि वरच्या दगडावर जाऊन बसली.